न्यायाची कल्पना आणि बलुत्याचे धान्य

न्याय म्हणजे काय, याची उत्तरे तत्त्ववेत्त्यांनी पुष्कळ दिली आहेत. परंतु श्रमाचे मोल कोणी ठरवावयाचे, या प्रश्नास भिडल्यावाचून त्यांपैकी एकही उत्तर पूर्ण होत नाही, असे आमचे मत आहे.

ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याने 'रिपब्लिक'मध्ये समाजाचे तीन वर्ग कल्पून, ज्याने त्याने आपापले काम करणे यासच न्याय म्हटले. १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वर्गवारीचे खंडन केले. माणसांची विविधता तीन कप्प्यांत मावत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. प्लेटोने निदान गुण तरी पाहिले. आपल्याकडे केवळ जन्म पाहिला गेला. म्हणूनच जात ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी होय, असे बाबासाहेबांनी प्रतिपादिले.

महार वतन हे या विभागणीचे आर्थिक रूप होते. इनामाच्या जमिनीचा तुकडा आणि रयतेकडून मिळणारे बलुते, एवढ्या मोबदल्यात महारास रात्रंदिवस सरकारी व गावकीची कामे करावी लागत. कामाचे तास ठरलेले नव्हते आणि बलुते देणे गावाच्या मर्जीवर होते. महारांनी मान वर केली की गाव धान्य बंद करी. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या मुठीत असते, त्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

हे जोखड १८७४ च्या वतन कायद्याने टिकवून धरले होते. त्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले. बलुत्याऐवजी रोख रक्कम मिळावी, कामे कायद्याने निश्चित व्हावीत आणि इच्छा असेल त्यास वतनातून मुक्त होता यावे, हे त्याचे सार होते. हे विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात पुरोहित राजास सांगतो की, केवळ दंडाने लूटमार थांबणार नाही; शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास वेतन द्यावे. वेतन हे दान नव्हे, हक्क आहे. हा हक्क ज्या समाजात मान्य नाही, तेथील न्यायाची व्याख्या कितीही सुंदर असली तरी ती आम्हांस अपुरी वाटते.