वर्धा शिक्षण योजनेतील परीक्षाविचार आणि विद्यार्थ्यांचे मानसिक स्वास्थ्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्त्यांमधून आज शेकडो मुले सकाळी शाळेत आणि सायंकाळी शिकवणी वर्गात जाताना दिसतात. पालकांची महत्त्वाकांक्षा, प्रवेश परीक्षांची स्पर्धा आणि गुणांची टक्केवारी यांचा भार या मुलांच्या मनावर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. प्रत्येक आत्महत्येमागे अनेक कारणे असतात. ती सर्व परीक्षेच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तथापि, अपयशाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न या आकड्यांपुढे टाळता येत नाही. याच प्रश्नाचा विचार सुमारे नऊ दशकांपूर्वी वर्ध्यातच झाला होता. त्या विचाराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वर्धा परिषद आणि झाकिर हुसेन समिती

वर्ध्याच्या नवभारत विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् व आशादेवी हे तिचे सदस्य होते. डिसेंबर १९३७ मध्ये समितीने अहवाल सादर केला आणि फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने योजनेची तत्त्वे स्वीकारली.

सात ते चौदा वयोगटासाठी मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग, ही या योजनेची सर्वपरिचित बाजू होय. साडेपाच तासांच्या शालेय दिवसात ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगासाठी राखली होती. परंतु अहवालातील परीक्षाविषयक प्रकरणाकडे अभ्यासकांचे तुलनेने दुर्लक्ष झाले आहे.

अपयश कोणाचे?

प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, असे समितीचे स्पष्ट मत होते. त्याऐवजी निवडक विद्यार्थिगटांची नमुना चाचणी घेऊन निरीक्षकांनी शाळेच्या कामाची तपासणी करावी आणि वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय शिक्षकांनी घ्यावा, असे तिने सुचविले. मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसविण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, हाही तिचा आग्रह होता. याहून महत्त्वाची आहे ती अपयशाची मीमांसा. एखाद्या वर्गात बरीच मुले मागे पडली तर शिक्षकाचे काम तपासावे. संपूर्ण शाळेत तसे घडले तर शाळेचा कारभार तपासावा. आणि सर्वत्र तसे घडले तर अभ्यासक्रमातच दोष आहे असे समजावे, असा हा चढता क्रम होता.

‘मानसिक स्वास्थ्य’ ही संज्ञा समितीने वापरलेली नाही. तरीही मुलाच्या मनावरील अपयशाचा कलंक दूर करून जबाबदारी व्यवस्थेकडे वळविणे, हे मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने मूलगामी पाऊल होते.

अर्थात योजनेतही ताणाचे बीज होते. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर प्रा. के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता. आर्थिक बाजूवर अवास्तव भर दिल्यास शिक्षक मुलांकडून केवळ श्रम करवून घेतील, असा धोका खुद्द समितीनेही नोंदविला होता. म्हणजे गुणांच्या ओझ्याची जागा उत्पादनाच्या ओझ्याने घेण्याचे भय तेव्हाही होते.

नंतरचा प्रवास

सेवाग्राम येथील हिंदुस्तानी तालीमी संघाने हा प्रयोग चालविला. १९५९ मध्ये हा संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. दरम्यान बाहेरच्या जगात मॅट्रिकचे प्रमाणपत्र हेच नोकरीचे दार राहिले. शिडीच्या वरच्या टोकाला बाह्य परीक्षा कायम असताना खालच्या पायऱ्यांवर ती नाकारणे पालकांना परवडणारे नव्हते. बुनियादी शाळेकडे ‘गरिबांची शाळा’ म्हणून पाहिले जाऊ लागले. सेवाग्राममध्ये २००५ साली आनंद निकेतन विद्यालयाच्या रूपाने ही परंपरा पुन्हा सुरू झाली, हे येथे नमूद केले पाहिजे.

१९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने शालेय ओझ्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या ज्ञानाचे ओझे अधिक जड असते, असे तिचे निदान होते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली आणि कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला. पण वर्धा अहवालाचे हे अर्धेच सूत्र होते. मुलाला नापास न करणे अमलात आले; मागे पडलेल्या वर्गाच्या निमित्ताने शिक्षक, शाळा व अभ्यासक्रम तपासणे मात्र रुजले नाही. परिणामी मुले न शिकताच पुढे जातात, ही तक्रार वाढली. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने ती स्वीकारली. अपयशाचा भार पुन्हा मुलाच्या खांद्यावर आला.

समारोप

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत प्रशिक्षित समुपदेशक असावा, ही त्यांतील एक अट आहे. ती आवश्यकच आहे. परंतु समुपदेशक मुलाला ताण सोसण्याचे बळ देतो. ताण निर्माण करणारी व्यवस्था बदलणे हे त्याचे काम नव्हे. ते काम अध्यापकांचे आहे. शाळांतून आलेला हाच विद्यार्थी पुढे महाविद्यालयात आपल्यासमोर बसतो. विभागाचा निकाल हाती येताच अनुत्तीर्णांची यादी फलकावर लावून आपण मोकळे होतो. त्याच निकालपत्रकाचे वाचन आपल्या अध्यापनाचा अहवाल म्हणून करता येईल. कोणत्या घटकात बहुसंख्य विद्यार्थी अडखळले आणि का, याची चर्चा प्रत्येक विभागात झाली, तर १९३७ च्या वर्धा अहवालातील विस्मृतीत गेलेला अर्धा भाग वर्ध्याच्याच परिसरात पुन्हा आचरणात येईल. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.