राजीखुशीचा राजीनामा

‘राजीनामा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी ‘पंचांचा निवाडा आम्हांस मान्य’ असे लिहून देत, तो राजीनामा. इंग्रजी अमलात रयत जमीन सोडताना राजीनामा देई. आज नोकरी सोडण्याच्या कागदाला आपण तेच नाव देतो. कागद बदलला, पण सही करणारा राजी आहे हे गृहीत मात्र कायम राहिले.

दलितांचा इतिहास या गृहीताला छेद देतो. आमच्या पूर्वजांना राजीनामाच नव्हता. महारकी जन्माने गळ्यात पडे. १८७४ च्या वतन कायद्याने ती सरकारी चौकटीत पक्की केली. या वेठीतून सुटण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते संमत झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. माझ्या आजोबांना येसकरकी नकोशी होती. पण ती सोडायची कोणाकडे आणि कोणत्या कागदावर?

मग शिक्षण आले, नोकरी आली आणि उलटा प्रकार सुरू झाला. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना तेथे दहा वर्षे काम करायचे होते. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्यानेही आसरा दिला नाही. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यांना बडतर्फ कोणी केले? कोणीच नाही. तरीही ते स्वखुशीने गेले असे कोण म्हणेल?

१९७७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने या प्रश्नाची कसोटी ठरवली : मालकानेच कराराचा गाभा मोडला असेल, तर कामगाराने त्यामुळे सोडलेली नोकरी ही बडतर्फीच होय. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने छाटणीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती वगळली होती. छाटणी ठरली तर भरपाई, स्वेच्छा ठरली तर नाही! म्हणजे ‘स्वेच्छेने’ या एका शब्दावर कामगाराची भाकर अवलंबून.

मी घरातला पहिला पदवीधर, आळंदीजवळ इतिहास शिकवतो. माझे काही विद्यार्थी चाकणच्या कारखान्यांत पाळी करून वर्गात येतात. त्यांच्या बोलीत दोन वाक्ये आहेत : ‘राजीनामा दिला’ आणि ‘राजीनामा घेतला’. दुसरे वाक्य अधिक ऐकू येते. सतत रात्रपाळी, जातीवरून टोमणे, पगार अडवणे, आणि शेवटी ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा छापील मजकूर पुढे सरकवणे. हे वैयक्तिक कारण कोणाचे?

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला निवेदन वाचू दिले गेले नाही, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिले. कारणे त्यांनी कोणाला गिळू दिली नाहीत.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपल्या मुलांना एवढे तरी शिकवावे : छापील मजकुरावर सही करू नका. खरे कारण तारखेसह लिहा, प्रत जवळ ठेवा, पोच घ्या. आजोबांना जो कागद मिळाला नाही, तो आता हाती आला आहे. त्यावर दुसऱ्याचे खोटे लिहून देऊ नये.