पाट्यात भाराचा हिशेब असतो : आमच्या बोरगावच्या जीपची गोष्ट



घरी जुनी जीप उभी आहे, पोरं म्हणतात उंच करूया, पाटे बदलूया, शॉकअप नवे टाकूया. असं बऱ्याच घरांत चाललंय. आमच्याही घरात चाललं, आणि त्यावरून थोडी वादावादीही झाली. मी काही मेस्त्री नव्हे. कॉमर्स शिकून बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पण या प्रश्नाचं उत्तर मला जीपच्या इतिहासातच सापडलं, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. चहा घेऊन बसा.

आपल्या भागात बैलगाडीला पाटा नसायचा. आखावर साटा, खड्डा आला की तो थेट माणसाच्या मणक्यात. टांग्याला मात्र कमानीचे पाटे असत, म्हणून टांग्यात बसणं म्हणजे चैन वाटायची. पोलादाच्या लहान-मोठ्या पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये बोल्टानं आवळायच्या, एवढीच ती युक्ती. घोडागाड्यांच्या काळातली ही युक्ती पुढं मोटारीत आली आणि जीपनं ती जशीच्या तशी घेतली.

जीप मुळात लढाईसाठी जन्मली. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं केला, पण लाखोंच्या संख्येनं गाड्या बनवल्या त्या विलीज आणि फोर्डनं. लष्कराच्या कागदावर तिचं नाव होतं पाव टनी ट्रक. पाव टन म्हणजे त्यांच्या हिशेबानं ५०० पौंड, आपले सव्वादोनशे किलो. हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच आकड्यावर आहे.

आपल्याकडं १९४५ साली महिंद्र अँड महंमद कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. त्याच सुमारास विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात झाली. शिवाय लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेल्या जीपाही लोकांनी घेतल्या. आमच्या लहानपणी जीप दिसली की ती साहेबाची, कारखान्याच्या शेतकी खात्याची, नाहीतर निपाणीच्या एखाद्या तंबाखू व्यापाऱ्याची. पोरं धुरळा खात मागं पळायची.

आमचा भाग काळ्या रानाचा. एक पाऊस पडला की दूधगंगेच्या काठच्या वाटा लोण्यासारख्या होतात. त्यात १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. कचेरीचं काम चिकोडीला नि बेळगावला, बाजार, दवाखाना, सोयरीक मात्र इचलकरंजीला नि कोल्हापूरला. माणसांचं जाणं-येणं काही थांबलं नाही. एसटी वेळेवर असेल तर ठीक, नाहीतर उभं राहा झाडाखाली.

ही गरज वडापनं भागवली. डिझेलच्या जीपा आल्या, तेलाचा खर्च परवडायला लागला आणि वडाप जोरात सुरू झालं. पुढं कमांडर, ट्रॅक्स अशा लांब गाड्या आल्या. मी तेव्हा शाखेत कर्जखातं बघायचो. तारण असलेली गाडी जागेवर आहे का, चालू आहे का, हे बघायला जावं लागे. एका तपासणीला मी जीपमधली माणसं मोजली. आत, मागं लटकलेली आणि बॉनेटच्या कडेला टेकलेली धरून पंधरा. सरासरी साठ किलो धरली तरी नऊशे किलो झाले. मूळ हिशेब सव्वादोनशेचा, भार चौपट! आमच्या काळातल्या जीपा लढाईतल्या जीपेपेक्षा दणकट होत्या हे खरं, पण इतक्याही नाही.

मग पाटे बसायचे, म्हणजे त्यांची कमान जाऊन ते सपाट व्हायचे. ड्रायव्हर पाटेवाल्याकडं जायचा आणि सांगायचा, "दोन पाटे वाढवा." पाटेवाला जाड पाटे घालायचा. मला तेव्हा एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं एक गोष्ट सांगितली होती, ती मी नंतर पुस्तकात पडताळून पाहिली. पाटा दुप्पट जाड केला तर तो दुप्पट नव्हे, आठपट ताठ होतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तरी ताठपणा जवळपास दोन पूर्णांक चार पट. चक्रवाढ व्याजासारखंच की हो हे! वरून फरक दोन मिलिमीटरचा दिसतो, हिशेब मात्र भलताच वाढतो.

आमची जीप याच वाटेनं आली. थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९९२ साली एमएम ५४० जुनी घेतली, आधीच्या मालकाकडं वडापला फिरलेली. मागं पाट्यांची चळत एवढी की रिकामी गाडी बकरीसारखी उड्या मारायची. अण्णांना त्याचं काही नव्हतं. ते तिच्यात खताची पोती, तंबाखूचे बोद, औषधाचे डबे भरायचे. भरलेली गाडी गप चालायची. वहिनी मात्र म्हणायच्या, "हिच्यात बसायचं तर पोत्यासंगट बसावं."

अण्णा गेले, जीप शेडात गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. तुम्हाला आठवत असेल, शिरोलीजवळ आणि निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर पाणी येऊन पुणे-बेंगळुरू रस्ता बंद पडला होता. त्या दिवसांत आमची फोर-व्हील जीप एका तुटलेल्या शॅकलपायी जागेवर उभी. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून वहिनींना बाहेर काढावं लागलं. पुतण्याला ते फार लागलं. नोकरीला शहरात असतो. पूर ओसरल्यावर तो जीप घेऊन गेला आणि दोन महिन्यांनी परत आणली, तेव्हा ती चांगली चार-पाच इंच उंच झालेली. मोठी टायरं, पाटे हाऊसिंगच्या खालून काढून वर बसवलेले, लांब शॅकल, आणि वर आणखी एक नवा जाड पाटा.

"काका, आता कितीबी पाणी येऊ दे."

दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण निपाणीच्या वाटेवर साठच्या वेगाला ती रस्त्यावर भटकायला लागली. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढायचं. वहिनींना चढायला स्टूल लागलं, आणि परत येताना एका गतिरोधकावर त्यांची कंबर अशी धरली की आठ दिवस अंथरुणात. पुतण्याचा चेहरा पडला. आईसाठी केलेली गाडी आईलाच नडली. घरात विषय निघाला, विकून टाका.

मी म्हटलं, विकायच्या आधी ताळेबंद तरी मांडूया. बँकेत कुठल्याही खात्याला आपण पहिला प्रश्न विचारतो, प्रत्यक्ष देणं किती? तसा गाडीला प्रश्न, प्रत्यक्ष भार किती? उसाच्या वजनकाट्यावर जीप नेली. आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. पुढं ७१० किलो, मागं ६१०. आता तिच्यात बसणार कोण? पुतण्या, सून, वहिनी आणि दोन पिशव्या. म्हणजे पुन्हा तेच, सव्वादोनशे किलोच्या आसपास! लढाईतल्या पाव टनावर गाडी फिरून आली होती, आणि पाटे अजून वडापचा भार धरून बसलेले.

मग गावाकडच्याच जुन्या मेस्त्रींना घेऊन बसलो. त्यांनी गाडीखाली जाऊन दाखवलं ते थोडक्यात सांगतो.

उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातात. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होतो, म्हणून खड्ड्यात चाक वर गेलं की गाडी वळते. पुढच्या लांब शॅकलनं चाकाचा कल बदलतो आणि स्टिअरिंग सरळ परत येत नाही. ब्रेकचे रबरी पाइप तर ताणून टिपरीसारखे झाले होते. ते बघून माझ्या अंगावर काटाच आला. शॉकअप जुन्याच लांबीचे, ते वरच्या टोकाला अडकून ठोके देत होते. आणि एक गैरसमज त्यांनी दूर केला. शॉकअप भार उचलत नाही. भार पाटा उचलतो, शॉकअप फक्त त्याची उडी शमवतो. ताठ पाट्याला भारी शॉकअप लावणं म्हणजे दगडाला गादी बांधणं.

पुतण्या म्हणाला, नव्या थारसारखे कॉइल स्प्रिंगच लावूया का? प्रश्न चुकीचा नव्हता. २००० सालच्या बोलेरोला पुढं कॉइल आले, २०१० च्या थारला पुढं टॉर्शन बार पण मागं पाटेच, आणि २०२० च्या थारला चारही बाजूंना कॉइल. पण त्या गाड्यांची चासीच त्यासाठी आखलेली. जुन्या चासीला कापून-जोडून ते करायचं म्हणजे अपघाताला निमंत्रण, शिवाय कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला नोंदणी नव्यानं करून घ्यायला तपासणीला न्यावंच लागतं. अपघात झाला तर विमेवाला पहिल्यांदा तेच बघणार.

शेवटी असं ठरलं. आधी सगळे बुश आणि शॅकलच्या पिना नव्या. पाटे परत हाऊसिंगच्या खाली, मूळ जागी. वडापच्या काळात वाढवलेले जाड पाटे बाहेर. उरलेल्यांना भट्टीत कमान मारून, पाणी देऊन, मध्ये ग्रीस घालून बांधले, कारण गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि सगळी चळत एका ठोकळ्यासारखी वागते. मग त्या भाराला जुळणारे साधे शॉकअप. टायरं पुन्हा मूळ मापाची. उंची पाट्यांच्या कमानीनं परत आली तेवढीच, इंच-सव्वा इंच.

पुतण्याला वाईट वाटलं असणार. त्याला मी एवढंच सांगितलं, वाहत्या पाण्यात चार इंचांनी काही होत नाही, पाणी गाडी उचलूनच नेतं. पुराच्या आधी निघायला गाडी चालू पाहिजे, आणि आईला त्यात बसता आलं पाहिजे. त्या वर्षी आपल्याला उंची कमी पडली नव्हती, एक शॅकल तुटकी होती.

काम झाल्यावर बाहेर काढलेले पाटे शेडात तसेच ठेवलेत. मागच्या बाजूचे चार आणि पुढचे दोन. कुणी भंगारात घालूया म्हटलं तर वहिनी नको म्हणतात. प्रत्येक पाटा कुणाच्या तरी भारासाठी घातला होता, पंधरा माणसांसाठी, खताच्या पोत्यांसाठी, तंबाखूच्या बोदांसाठी. त्या वेळी तो बरोबरच होता. भार उतरला, पाटा उतरवायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्यानं गाडी काढली. वहिनी स्टुलाशिवाय चढल्या, आम्ही आंबोलीपर्यंत जाऊन आलो. येताना मी विचारलं, "वहिनी, कंबर?"

म्हणाल्या, "भावजी, तुमच्या अण्णांच्या वेळी का नाही काढलेत हो हे पाटे?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तुमच्या घरी जुनी जीप असेल तर काही विकत घ्यायच्या आधी तिला वजनकाट्यावर नेऊन बघा. आणि तिच्या पाट्यांवर कुणाकुणाचा भार होता, तेही जरूर लिहा. वाचायला आवडेल.