छावणीचा पगार आणि डोंगरातले बंगले

परवा आमचे एक शेजारी विचारत होते, "गुरुजी, पोरांना सुट्ट्या लागल्यात. डोंगरात, जंगलात एखादं घर मिळतं का हो चार दिवस राहायला? हॉटेल नको. कौलारू घर, पुढे पडवी, रात्री कंदील, असं काहीतरी." मी म्हटलं, मिळतं की. मेळघाटात जा. आणि मग सवयीप्रमाणे मी त्यांना त्या घराचा इतिहास सांगायला लागलो. ते बिचारे चहा पिऊन निघून गेले. उरलेला भाग आज आपल्याला सांगतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात डोंगर आहेत, माळरानं आहेत, पण डोंगरातलं राष्ट्रीय उद्यान नाही. त्यासाठी वाशीम, अकोला ओलांडून सातपुड्यात जावं लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचं नाव होतं. सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या नद्या या डोंगरांतून तापीकडे जातात. सिपनेच्या काठी कोलकासचं विश्रामगृह आहे, तिथून काही मैलांवर सेमाडोह, आणि वर पठारावर चिखलदरा. शेजाऱ्यांना हवी असलेली घरं याच पट्ट्यात आहेत.

आता हिंगोलीचा आणि या घरांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो पैशांचा आहे.

हिंगोली शहरात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं आपण रोज घेतो. रिक्षावाल्याला 'रिसाला' म्हटलं की तो नेऊन सोडतो. पण रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ आणि पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त शिपायांची वस्ती, हे किती जणांच्या लक्षात येतं? ही सारी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या एका फौजेची खूण आहे. त्या फौजेचं नाव हैदराबाद कंटिंजंट. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने उभ्या केलेल्या 'रसेल ब्रिगेड'पासून तिची वाढ झाली. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, आणि हिंगोली, अशा तिच्या छावण्या होत्या. फौज नावाला निजामाची, हुकूम इंग्रजांचा, आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. घरात पाहुणा राहावा, कारभार त्याने करावा आणि किराण्याचं बिल मात्र घरधन्याने भरावं, तसा हा प्रकार.

बिल थकलं. कंपनी सरकार पगारापोटी पैसे देत गेलं आणि निजामाच्या नावे कर्ज लिहीत गेलं. शेवटी १८५३ मध्ये निजाम नासिरुद्दौलाकडून तह लिहून घेतला गेला. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड काही मिळालं नाही. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने मीर महबूब अली खान यांच्याकडून वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्याने घेतला. त्यानंतर १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळून टाकण्यात आली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड गेला ती फौज गेली, वऱ्हाड मात्र गेला तो गेलाच.

वऱ्हाडाबरोबर मेळघाटही गेला. पठारावरचं चिखलदरा मात्र या फौजेच्या अधिकाऱ्यांच्या नजरेत त्याआधीच भरलं होतं. जवळचा गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून जिंकला होता. १८२३ मध्ये याच हैदराबादी फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा 'शोधून काढलं' असं सांगतात. शोधून काढलं म्हणजे काय, हे मला कधी कळलं नाही. शेजारी शेकडो वर्षांचा किल्ला उभा, गवळ्यांची गुरं त्या पठारावर चरत होती, कोरकूंची गावं दऱ्यांत होती, भीमाने कीचकाला इथेच दरीत लोटलं ही कथा लोक सांगत होते. साहेबाला जागा सापडली एवढंच खरं. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर, वैशाखातही रात्री पांघरूण लागेल अशी हवा त्याला मिळाली. खाली एलिचपूरची छावणी भाजून निघत असताना अधिकारी आणि त्यांची कुटुंबं वर येऊ लागली. बंगले उभे राहिले, बागा झाल्या, पुढे कॉफीची लागवडही झाली.

हे झाले हवा खाण्याचे बंगले. पण शेजारी ज्या घराचं वर्णन करत होते ते याहून वेगळं, एकटं, दाट जंगलातलं. त्याची कहाणी निराळी आहे.

रेल्वे आली आणि रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागू लागले. सागाचं मोल वाढलं. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, आणि जंगल राखीव करण्याचा धडाका सुरू झाला. १८७८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. जंगल राखायचं तर माणूस फिरता हवा, आणि फिरत्या माणसाला रात्री छप्पर हवं. म्हणून घोड्यावरून किंवा पायी एका दिवसात गाठता येईल अशा अंतराने विश्रामगृहं बांधली गेली. जागा निवडताना पाणी जवळ पाहिजे, जमीन थोडी उंच पाहिजे आणि झाडतोडीचं काम जिथे चालतं ती बाजू सोयीची पाहिजे, एवढंच पाहत. आज आपण 'काय सुंदर जागा निवडली आहे' म्हणतो. सौंदर्य त्यात आपोआप आलं, हिशेब लाकडाचा होता.

या घरांची घडणही त्याच कामाची साक्ष देते. एकदा गेलात तर नीट पाहा. उंच छप्पर आणि भोवती रुंद व्हरांडा, म्हणजे उन्हापावसात कचेरी बाहेर भरवता यावी. ठेकेदार, मुकादम, गाऱ्हाणं घेऊन आलेले गावकरी यांनी व्हरांड्याच्या पायरीपर्यंतच यायचं. स्वयंपाकघर घरापासून सुटं, म्हणजे धूर, वास आणि नोकरमाणसं लांब. आणि न्हाणीघराला हमखास बाहेरून एक दार. मला लहानपणी वाटायचं, हे दार वाघ आला तर पळायला असेल. ते होतं पाणी भरणाऱ्या आणि सफाई करणाऱ्या माणसासाठी. त्याने घरातून जाऊ नये, मागच्या मागे यावं आणि मागच्या मागे जावं. साहेबाने विलायतेतली वर्गवारी आणली आणि इथली जात तिला बरोबर जुळली.

मग हे रस्ते आणि बंगले बांधले कोणी? जंगलखात्याने राखीव जंगलात माणसं वसवली, त्यांना 'वनग्राम' म्हणत. कसायला थोडी जमीन आणि त्याबदल्यात खात्याला लागेल तेव्हा मजुरी, अशी अट. जमीन मालकीची नव्हती. मेळघाटात ही माणसं बहुतेक कोरकू. त्यांचं स्वतःचं घर पाहिलं आहे का? बांबूच्या विणलेल्या भिंती, त्यावर मातीचा लेप, आणि सरळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा. इतकी शिस्तीची गावरचना आपल्या मराठवाड्यात क्वचितच दिसते. शेजारी ज्या 'जंगलातल्या घरा'च्या शोधात होते ते खरं म्हणजे हेच. पण आपण पाहुणे राहतो ते साहेबाच्या घरात.

विश्रामगृह पाहुण्यांचं कधीच नव्हतं याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, विश्रामगृह कोणतं ते सांगत नाही. परवानगीचा कागद हातात होता, खानसाम्याने पिठलं-भाकरी करून वाढली होती, आम्ही आडवे झालो होतो. रात्री दहाच्या सुमारास जीप आली. कामावरचे साहेब आले होते, आणि नियम असा की कामावरचा माणूस आला की हौशी माणसाने खोली सोडायची. आम्ही गाद्या उचलून व्हरांड्यात आलो. सौ. चिडली होती. पण पहाटे समोरच्या नदीवर सांबरांचा कळप पाण्याला आलेला आम्हाला दिसला. आत झोपलेल्या साहेबांना काही दिसला नाही.

या घरांत राहिलेले सगळेच अधिकारी झोपून राहिले असं नाही. मारुती चितमपल्ली मेळघाटात व्याघ्र प्रकल्पावर अधिकारी होते. मराठी वाचकाला पाखरांची आणि झाडांची जी नावं त्यांनी दिली, त्यातली बरीच आदिवासींकडून, अशाच जंगलातल्या मुक्कामांत ऐकलेली. सातपुड्यातच पूर्वेला पचमढीला कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६२ मध्ये बांधलेला 'बायसन लॉज' आहे. तिथे आता संग्रहालय आहे. आफ्रिकेतही हेच घडलं. केनियात अ‍ॅबरडेअरच्या डोंगरात १९३२ मध्ये झाडावर 'ट्रीटॉप्स' नावाचं मुक्कामाचं घर बांधलं. राजकन्या एलिझाबेथ ६ फेब्रुवारी १९५२ ला तिथे असताना लंडनमध्ये राजे वारले आणि झाडावर चढलेली राजकन्या राणी होऊन उतरली. सोबत आपल्या कुमाऊंचे जिम कॉर्बेट होते. त्या घराची मूळ कल्पना म्हणजे आपलं मचाण. शिकाऱ्याचं मचाण तिकडे हौशी पाहुण्याचं झालं. आता मेळघाटातही बुद्धपौर्णिमेच्या रात्री 'निसर्गानुभव' म्हणून लोक पैसे भरून पाणवठ्यावरच्या मचाणावर बसतात.

हिंगोलीकरांना हे जंगल घरबसल्या, म्हणजे गाडीत बसल्या बसल्या, दिसत असे. पूर्णेहून निघालेली मीटरगेज हिंगोली, वाशीम, अकोला करत पुढे मेळघाटातून खंडव्याला जायची. काचीगुड्याहून जयपूर-अजमेरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळांवरून धावे. धूळघाटला गाडी डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पुढे जायची, तेव्हा सगळा डबा खिडकीला लटके. आमच्याकडचा मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोला-खंडवा मीटरगेज २०१७ मध्ये बंद पडली. व्याघ्र प्रकल्पातून मोठा मार्ग न्यायचा की जंगलाला वळसा घालायचा, यावर पुढे बराच वाद झाला.

वाघाला मोकळं रान हवं हे मला मान्य आहे. पण त्यासाठी कोण उठलं तेही सांगायला हवं. २००१ ते २००३ या काळात बोरी, कोहा आणि कुंड ही गावं मेळघाटातून खाली अकोटच्या बाजूला हलवली गेली. पुढे वैराटसह आणखी गावं उठली. वैराट म्हणजे मेळघाटातलं सर्वांत उंच ठिकाण, ११७८ मीटर. २००८ पासून एका कुटुंबाला दहा लाख रुपये असा देशभरचा दर होता, २०२१ मध्ये तो पंधरा लाख झाला. काहींचं बरं झालं, शाळा-दवाखाना जवळ आला. काहींचे पैसे संपले. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसन झालेल्या गावांतले लोक परत जंगलात शिरले आणि त्यांची वनकर्मचाऱ्यांशी झटापट झाली. पाहुण्यांबद्दलही प्रश्न निघाला होता. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटन थांबवलं, ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन, असा दंडक तेव्हा आला. पाहुण्याला निदान वीस टक्के मिळाले, असं एखादा कोरकू म्हातारा म्हणाला तर त्याला काय उत्तर द्यायचं?

माझ्या मते उत्तराचा एक तुकडा गाभ्याबाहेरच्या गावांत आहे. पर्यटन महामंडळाच्या 'न्याहारी-निवास' योजनेत घरमालकाला आपल्याच घरातल्या खोल्या पाहुण्यांना देता येतात. अडचण अशी की त्यासाठी पक्की खोली, चांगलं न्हाणीघर आणि कागदपत्रं लागतात, आणि ती ज्याच्याकडे आधीच असतात तो बहुधा परतवाड्या-अमरावतीहून येऊन जागा घेतलेला असतो. मातीच्या भिंतीचं, समोरासमोरच्या रांगेतलं घर जसंच्या तसं पाहुण्याला देता आलं आणि भाडं त्या घरातल्या बाईच्या हातात पडलं, तर मला ते दहा सिमेंटच्या 'कॉटेजां'पेक्षा आवडेल.

शेजारी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. इतिहास ऐकायला नाही, रस्ता विचारायला. मी त्यांना लिहून दिलं: वाशीम, अमरावती, परतवाडा. डाळ-तांदूळ परतवाड्यातच भरून घ्या. चिखलदऱ्याला दोन रात्री, सेमाडोहला एक. परवानगी आधी काढा. स्वेटर न्या. आणि घर पाहायला गेलात तर न्हाणीघराचं ते मागचं दार तेवढं पोरांना दाखवा.