नाव इंडियाचं, पाणी बर्टनचं

बॉम्बे डक हे बदक नसून बोंबील आहे, हे साहेबाला समजावून सांगता सांगता आपल्या तीन पिढ्या गेल्या आणि शेवटी साहेबही गेला. नावांच्या बाबतीत साहेब तसा उदार. कालिकतहून कापड गेलं, त्याला तो कॅलिको म्हणाला. काश्मीरहून शाल गेली, तिला कॅशमीर म्हणाला. इथवर तक्रारीला जागा नाही. माल आपला, नावही आपलंच. पण जगात अशी एक वस्तू आहे की तिच्यात आपला दाणा नाही, आपलं पाणी नाही, आपला हात नाही, आणि नाव मात्र थेट आपल्या देशाचं. ती आपल्याकडून गेली नाही, आपल्याकडे आली. तिचं नाव इंडिया पेल एल. बिअरचा एक प्रकार. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीत निदान वाळा तरी सोनूबाईच्याच हातात असतो. इथे वाळा साहेबाच्या हातात आणि नाव सोनूबाईचं!

या सोनूबाईची आणि माझी ओळख आमच्या पुतण्यामुळे झाली. तो अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड गावी असतो. तिथे महिनाभर राहायला म्हणून आम्ही उभयता गेलो होतो. "काका, उद्या मी पेल एल करणार आहे," असं तो म्हणाला तेव्हा मला 'पेला' एवढंच ऐकू आलं, आणि हा आता फावल्या वेळात भांडी घडवतो की काय असं वाटून मी कौतुकाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये पाहतो तर लग्नघरात शोभेलसं एक पातेलं, नळ्या, काचेचे तराजू-काटे, आणि एक थर्मामीटर. आजारी कोणीच नव्हतं.

आमच्या सौभाग्यवतींनी पाच मिनिटं निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "हे तर आंबवणं झालं. याला एवढी यंत्रं कशाला? इडलीचं पीठ रात्री झाकून ठेवते मी, ते काय थर्मामीटर लावून?"

खरं पाहता प्रकार तसा घरगुतीच आहे. बार्ली, म्हणजे आपला सातू भिजवायचा, मोड आणायचे आणि वाळवून भट्टीत हलका भाजायचा. याला माल्ट म्हणतात. नाचणीचं सत्त्व करणाऱ्या कोणत्याही आजीला यातली अर्धी विद्या येते. हा माल्ट भरडून पासष्ट-सहासष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला, की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून घ्यायचं, तासभर उकळायचं, आणि उकळताना त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं. मग ते निववून त्यात यीस्ट घालायचं आणि दोन आठवडे अंधारात ठेवून त्याच्या वाटेला जायचं नाही. बाटलीत भरताना सबंध एकोणीस लिटरांना शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर घातली, की ती बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस धरते.

सगळी गंमत त्या हॉप्सच्या बोंडांत आहे. ती पहिल्यापासून उकळली तर कडूपणा उतरतो आणि सुगंध वाफेबरोबर उडून जातो. शेवटी टाकली तर सुगंध राहतो, पण कडूपणा उतरत नाही. म्हणून ती हप्त्याहप्त्याने टाकतात. हे ऐकल्यावर आमच्या सौभाग्यवतींना प्रथमच या शास्त्राबद्दल आदर वाटला. "म्हणजे कढीलिंब फोडणीत आणि कोथिंबीर उतरवल्यावर," त्या म्हणाल्या. पुतण्याने वही काढून हे वाक्य लिहून घेतलं. त्या वहीबद्दल पुढे सांगतो.

हॉप्सचा कडूपणा नुसता जिभेसाठी नसतो. बिअर आंबट करून टाकणाऱ्या जंतूंना तो वाढू देत नाही. लोणच्यात जे काम मीठ आणि तेल करतं, तेच बिअरमध्ये ही बोंडं करतात. म्हणूनच उष्ण मुलखात पाठवायच्या बिअरला हॉप्स सढळ हाताने घालावेत, असं इंग्लंडमधले जाणकार अठराव्या शतकातच सांगत असत. आणि इथे आपला देश या गोष्टीत शिरतो.

लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात १७५२ पासून हॉजसन नावाच्या माणसाचा बिअरचा कारखाना होता. कारखाना ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत, त्या ब्लॅकवॉलच्या धक्क्यापासून जवळ. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा थोडा खाजगी व्यापार करायची मुभा असे. हॉजसन त्यांना बारा-बारा, अठरा-अठरा महिन्यांच्या उधारीवर माल देई. आता सांगा, दीड वर्ष उधार देणारा वाणी कोपऱ्यावर असताना कोण शहाणा दूरच्या वाण्याकडे जाईल? अशा रीतीने हॉजसनची बिअर मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचली. तिच्या चवीपेक्षा तिच्या खातेवहीचा यात मोठा हात होता.

हॉजसनने हिंदुस्थानसाठी म्हणून डोकं लढवून नवीन बिअर शोधून काढली, अशी एक सुरस कथा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. मार्टिन कॉर्नेल नावाच्या इंग्रज इतिहासकाराने जुनी दप्तरं चाळून तिच्यातली हवा काढून टाकली. ऑक्टोबर महिन्यात करून वर्ष-दोन वर्षं तळघरात मुरवायची फिकी, कडू, जोरकस बिअर इंग्लंडमध्ये आधीपासूनच होती. हॉजसनने तीच पाठवली. जहाज आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी इथे पोचे. उन्हाने आणि हेलकाव्यांनी ती बिअर नासण्याऐवजी मुरली. आपल्याकडे कैरीचं लोणचं माळ्यावर मुरतं, हे समुद्रावर मुरलं. आणि ही फिकी बिअर प्यायचे ते साहेबलोक, कंपनीचे अधिकारी. गोऱ्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर येई, आणि तिचीच पिंपं संख्येने जास्त येत. इंडियाच्या नावाच्या या पेयात इंडियातल्या माणसाचं काम एवढंच की धक्क्यावर पिंप उतरवायचं आणि बंगल्यावर पेला भरून द्यायचा. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेलं जे जुन्यात जुनं सापडतं, तेदेखील १८२९ सालच्या सिडनीच्या वर्तमानपत्रात, एका जाहिरातीत. म्हणजे नामकरणही आपल्या परोक्षच उरकलं!

पुढे हॉजसनच्या वारसांच्या डोक्यात हवा गेली. त्यांनी भाव वाढवले, उधारी बंद केली आणि कप्तानांना वगळून स्वतःच माल पाठवायला सुरुवात केली. साधारण १८२२ साली कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युएल ऑलसॉपला जेवायला बोलावलं. बर्टन हे ट्रेंट नदीकाठचं गाव. तिथली गोड, दाट बिअर रशियाला जात असे. तो बाजार हातचा गेल्यामुळे ऑलसॉप विवंचनेत होता. 'हॉजसनसारखी बिअर करून हिंदुस्थानला पाठव,' असं मार्जोरीबँक्सनी सुचवलं. ऑलसॉपने हॉजसनची बाटली मिळवली आणि आपल्या कारखान्यातल्या जॉब गुडहेड नावाच्या माल्टवाल्यापुढे ठेवली. आणि बर्टनचे लोक असं सांगत आले आहेत, की या गुडहेडने पहिला नमुना चक्क चहाच्या किटलीत केला.

मला या सगळ्या इतिहासात ही किटली फार आवडते. हातात कृती नाही, प्रमाण नाही, समोर फक्त दुसऱ्याची बाटली आणि आपली जीभ. जी बिअर पुढे पिंपांच्या हिशोबात समुद्रापार गेली, तिचा नमुना एका माणसाने किटलीत, घोट घेत घेत जमवला. म्हणजे घरच्या घरी बिअर करणाऱ्या आमच्या पुतण्याचा मूळपुरुष हाच!

आणि गंमत अशी की नक्कल असलपेक्षा सरस निघाली. कारण पाणी. लंडनच्या पाण्यात चुनखडी. ते काळ्या पोर्टरला मानवतं. बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येतं. या पाण्यात हॉप्सचा कडूपणा कसा स्वच्छ, खणखणीत उमटतो आणि बिअर नितळ होते. पुण्याचा माणूस मुंबईत चहा पिऊन "पाण्यात दम नाही" म्हणतो, ते आपण हसण्यावारी नेतो. पण लंडनचे काही बडे कारखानदार याच कारणासाठी बर्टनला जाऊन बसले. पुढे १८७८ साली सी. डब्ल्यू. व्हिन्सेंट नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाण्यात जिप्सम मिसळून कुठेही बर्टन तयार करायची युक्ती काढली. पोर्टलंडचं पाणी पावसाचं, अगदी मऊ. म्हणून आमच्या पुतण्याने माझ्यादेखत पातेल्यात पांढरी भुकटी टाकली. हाच दगड भाजला की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. "अरे, हे गणपतीचं सामान पातेल्यात कशाला?" मी विचारलं. "बर्टन करतोय, काका," तो म्हणाला.

घरी बिअर करण्याचा हक्क मात्र या मंडळींना सहज मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टनने १८८० साली घरच्या बिअरलाही परवाना लावला, तो १९६३ साली उठला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली गेली, पण घरगुती बिअर बेकायदाच राहिली. १९७८ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाकाठी दोनशे गॅलनची मोकळीक मिळाली. हिशोब केला तर दिवसाला दोन लिटर होतात. एवढं तर आम्ही घरात ताकसुद्धा करत नाही. त्यातून अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांना परवानगी द्यायला २०१३ उजाडलं. हे वाचून आपल्याकडे कोणी मोरीच्या माळ्यावर पिंप चढवू नये. आपल्या इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि विनापरवाना घरी असलं काही करणं हा गुन्हा आहे. आपण आपलं इडलीचं पीठ आंबवावं.

अमेरिकेत गेल्यावर सोनूबाईचं रूप पुन्हा बदललं. ऑरेगनमध्येच १९७२ साली कॅस्केड नावाचा नवा हॉप लागवडीला आला. घराणं अर्धं इंग्लिश, त्यात थोडं रशियन रक्त, पण वास असा की पपनसाची साल सोलावी. घरगुती बिअरचं सामान विकणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावी १९८० च्या सुमारास कारखाना काढून या कॅस्केडची पेल एल बाजारात आणली, आणि तिथली हौशी मंडळी तिच्या मागे लागली. हॉजसनला ही आजची बिअर दिली तर तो ओळखणार नाही. पण ओळखणार नाही म्हणून ती खोटी ठरते का? लंडनचं बर्टनने बदललं, बर्टनचं ऑरेगनने बदललं. पहिल्याच रूपाला चिकटून बसली असती, तर ती केव्हाच संपली असती.

आमच्या पुतण्याने तिच्यात गूळ घातला. अर्धा किलो माल्ट कमी करून अर्धा किलो कोल्हापुरी गूळ. गूळ जवळजवळ सगळा आंबून जातो आणि बिअर पातळ लागते, म्हणून त्याने माल्ट पासष्टऐवजी अडुसष्ट अंशांवर भिजवला. तसं केलं की न आंबणारी साखर थोडी जास्त उरते आणि तोंडाला भरीवपणा येतो. हे सगळं त्याच्या वहीत. तारीख, खेप, ग्रॅम, अंश, मिनिटं. मी मुरलेल्या जुन्या खेपेतला एक घोट घेतला. पाडव्याचा कडुलिंब आणि पपनस एकाच वेळी खाल्ल्यासारखं वाटलं. दुसरा घोट मी इतिहासाच्या आदरापोटी घेतला.

"इतकं काटेकोर कशाला लिहितोस रे?" मी सहज विचारलं.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईला एकदा फोनवर लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण विचारलं होतं. ती म्हणाली, मीठ हाताला कळतं. आता हात नाही, काका."

आमच्या वहिनींना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं ते गोड लिंबाचं लोणचं आमच्या अख्ख्या घराण्यात प्रसिद्ध. आणि आमच्या अख्ख्या घराण्यात कोणाकडेही त्याची कृती नाही. आम्ही सगळे खाणारे. लिहून घेणारा एकही नाही.

पुतण्याने फडताळातून बरणी काढली. बरणीवर चिठ्ठी: 'खेप ७'. सहा छोट्या वाट्यांत सहा तऱ्हेचं मीठ-गूळ घालून, चाखून, टाकून, पुन्हा चाखून तो सातव्या खेपेला पोचला होता. ऑलसॉपच्या त्या माल्टवाल्यापुढे निदान बाटली तरी होती. याच्यापुढे आठवणीतली चव, तेवढीच.

आमच्या सौभाग्यवतींनी बोटावर घेतलं. बराच वेळ जिभेवर ठेवलं. मी वहिनींच्या मुलाकडे बघायचं टाळलं.

"वहिनींचं नाही हे," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या घरातलं आहे."

"काय कमी आहे, काकू?"

"मीठ बरोबर आहे. लिंबं चुकली. ही जाड सालीची, वहिनी कागदी घ्यायच्या. इकडे मिळतात का कुठे?"

"मेक्सिकन दुकानात मिळतात," तो म्हणाला, आणि त्याने वहीचं पान उलटलं. वरती त्याने 'खेप ८' लिहिलं, आणि खाली, मराठीत, 'साल पातळ'.