चढणीची रात्र: बारा तासांचा घटनाक्रम

हा घटनाक्रम एका ठरावीक तारखेचा नाही. मुळशी खोऱ्यात मृगाचा पहिला दमदार पाऊस ज्या रात्री लागतो, त्या रात्रीचा आहे. वेळा थोड्या पुढंमागं होतात, क्रम मात्र सहसा हाच.

दुपारी 4 : बारा तास बाकी

ताम्हिणीच्या बाजूनं आभाळ भरून आलंय. ओढे अजून कोरडे. मुळशी धरणाच्या फुगवट्यात आणि नदीच्या डोहांत खवली, शिंगटी, वाम, मुऱ्या हे मासे थांबून आहेत. दिवस मोठा होत गेला, पाणी तापत गेलं, तशा मे महिन्यातच माद्या अंड्यांनी भरल्या. पण पोटात अंडी असणं वेगळं आणि ती घालण्याजोगी होणं वेगळं. शेवटची पायरी पावसावर अडलेली असते. पाऊस फारच लांबला, तर मादी ती अंडी अंगातच जिरवून टाकते.

संध्याकाळी 6 : दहा तास बाकी

सरी कोसळतात. पहिलं पाणी राबाची राख, शेणखत आणि तांबडी माती घेऊन डोहात उतरतं. पाणी गार होतं, गढूळ होतं, वाहू लागतं. माशाच्या मेंदूला हा निरोप पोचतो, मेंदूखालची पियुषिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि अंडी पक्व होऊ लागतात. रोहू-मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी का घालत नाहीत, या कोड्याचं उत्तर इथंच आहे. डॉ. हिरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी पियुषिकेचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली. पावसाचं काम त्या दिवशी सुईनं केलं. आज देशातलं मत्स्यबीज त्याच पायावर तयार होतं. ओढ्यातल्या माशाला मात्र सुई कोण टोचणार? त्याला खरा पाऊसच लागतो.

रात्री 8 : आठ तास बाकी

मासे प्रवाहाकडं तोंड करतात आणि चढण सुरू होते. उत्तर पॅसिफिकचा सॅमन समुद्रातून शेकडो मैल चढून, पाण्याचा वास ओळखत जन्मनदीत परततो. वाटेत खात नाही आणि अंडी घातल्यावर मरतो. आपल्या चढणीच्या माशांचा प्रवास त्यामानानं छोटा, डोहापासून भातखाचरापर्यंत. ते मरायला निघालेले नसतात. अंडी घालून, पाणी ओसरेल तसं परत नदीत उतरायचं, हा त्यांचा बेत. जगले तर पुढच्या मृगाला पुन्हा चढतील.

रात्री 9:30 : साडेसहा तास बाकी

धरणाखालच्या मुळेतून वर निघालेल्या माशांची वाट भिंतीपाशी संपते. टाटांच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तो गेलेल्या जमिनींसाठी. नदी अडल्याचा दुसरा हिशेब तेव्हा कुणी मांडला नव्हता. महाशीरसारख्या, वाहत्या पाण्यात गोट्यांवर अंडी घालणाऱ्या माशाला तो भारी पडला. टाटांच्याच लोणावळ्याजवळच्या वळवण केंद्रात पुढं 1970च्या दशकात महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. ज्या मुळा-मुठेतल्या माशावरून कर्नल साइक्सनं 1839 साली दख्खनच्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली, त्याचीच पिल्लं आता हौदात वाढवून नद्यांत सोडावी लागतात.

रात्री 11 : पाच तास बाकी

फुगवट्यातून वरच्या ओढ्यांत शिरलेल्या माशांना भिंत आडवी येत नाही, मोरी येते. रस्त्याखाली टाकलेल्या सिमेंटच्या नळातून पाणी दोन-तीन फुटांवरून खाली पडत असेल, तर बोटभर मुऱ्याला तो कडाच. त्यापुढं फार्महाऊसची कंपाउंडं लागतात. 2018च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटानं विकलेल्या जमिनीनं माणसाचं काय होतं ते पडद्यावर दाखवलं. त्याच जमिनीवरची खाचरं बुजली, बांध सपाट झाले, हिरवळीचे लॉन झाले, की माशांचं बाळंतघर जातं.

रात्री 12:30 : साडेतीन तास बाकी

जिथं भातशेती टिकून आहे तिथं पहिले मासे खाचराच्या तोंडाशी आले. पाठ उघडी पडेल इतक्या उथळ पाण्यातून सळसळत ते बांधाच्या फटीतून आत घुसतात. खाचरात ओढ नाही, मोठा शिकारी मासा नाही, आणि पाणी साचल्यावर काही दिवसांत त्यात पिल्लांना खायला सूक्ष्म जीव उपजतात. पिल्लू वाढवायला याहून चांगली जागा नदीत नाही.

रात्री 2 : दोन तास बाकी

बॅटऱ्यांचे झोत दिसू लागतात. चढणीचे मासे धरणं ही इथली जुनी हौस आणि जून महिन्यातलं घरचं कालवणही. कोयता, टोपली, पाग घेऊन चार माणसं यायची, चार घरांपुरतं न्यायची. बाकीचे मासे निसटायचे, कारण माणसं थोडी होती आणि ओढे पुष्कळ.

आता पुण्याहून गाड्या येतात. ओढ्याच्या तोंडावर काठापासून काठापर्यंत मच्छरदाणी आडवी लागते. तिच्यातून काही निसटत नाही. कुणी बॅटरीचा करंट सोडतं, कुणी ब्लीचिंग पावडर. विष आणि स्फोटकं वापरून मासे मारण्यावर 1897च्या कायद्यानंच बंदी घातली आहे. समुद्रातली पावसाळी मासेमारीबंदी तर 1 जूनलाच लागू झालेली असते. ओढ्यावर मात्र अपरात्री पहारा द्यायला कुणी नसतं.

पहाटे 3 : एक तास बाकी

पोतं भरतं. हाती लागतात त्या बहुतेक भरलेल्या माद्या, कारण त्या जड असतात, हळू असतात. किलोभर रोहूच्या मादीत दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. खवलीसारख्या लहान माशातही ती हजारोंनी. त्यातली मोजकीच पिल्लं मोठी होणार हे निसर्गानं धरलेलंच आहे. अंडी इतकी असतात ती त्यासाठीच. पण मादीच गेली तर ती मोजकीही नाहीत.

पहाटे 4 : शून्य

याच सुमाराला खाचरात अंडी पडायची होती. पडली नाहीत.

सकाळी 7 : तीन तासांनंतर

चुलीवर गाबोळी शिजते आहे. चवीला उत्तम, यात वाद नाही. दोन-तीन वर्षांनी हीच माणसं म्हणतील, पूर्वीसारखे मासे चढत नाहीत. दोष पावसाला दिला जाईल.

या घटनाक्रमात एकच गोष्ट बदलली तरी शेवट बदलतो, ती म्हणजे मासे धरण्याची वेळ. कार्प कुळातल्या पुष्कळ माशांची अंडी उबदार पाण्यात दिवसभराच्या आत फुटतात. चढणीच्या पहिल्या दोन रात्री ओढ्याचं तोंड मोकळं ठेवलं, तर अंडी घातली जातात, पिल्लं निघतात आणि मोठे मासे उतरणीला लागतात. तेव्हा खाचराच्या फटीशी पाग टाकावा. मासा मिळतो आणि पुढच्या वर्षीची चढणही शिल्लक राहते. त्यासाठी धरण पाडावं लागत नाही, हौद बांधावा लागत नाही. ग्रामसभेनं मृगाआधी ठराव करावा, दोन रात्री चार पोरं मोरीवर बसवावीत आणि बाहेरच्या गाड्या परत पाठवाव्यात. एवढं गावाच्या हातात आहे.