विज्ञानपटांतील तारणहार आणि धम्माची दृष्टी

चित्रपट हे विसाव्या शतकातील अत्यंत प्रभावी लोकमाध्यम होय. त्यातही विज्ञानपटांविषयी असा सर्वसाधारण समज आहे की, यंत्रे, अवकाशयाने आणि परग्रहवासी यांच्या या कथांत धर्मकल्पनांना फारसे स्थान नसावे. प्रत्यक्षात या चित्रपटांचा इतिहास तपासला असता वेगळेच चित्र दिसते. प्रार्थनास्थळांत वाढलेली तारणहाराची कल्पना येथे यंत्राचा व अवकाशाचा वेष धारण करून पुन्हा उभी राहिलेली आढळते. प्रस्तुत लेखात काही ठळक चित्रपटांच्या आधारे या कल्पनेचा मागोवा घ्यावयाचा असून, बौद्ध वाचकाने तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करावयाचा आहे.

१९२७ : मध्यस्थाची प्रतीक्षा

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिन येथे फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट प्रथम दाखविण्यात आला. भविष्यकाळातील एका महानगरात धनिक वर्ग उत्तुंग इमारतींत राहतो आणि कामगार जमिनीखाली राबतात. तेथील प्रचंड यंत्र नायकाला नरबळी मागणाऱ्या मोलोख या प्राचीन दैवतासारखे दिसते. कामगार भुयारात क्रूसांसमोर जमतात. मारिया नावाची तरुणी त्यांना बायबलमधील बाबेलच्या मनोऱ्याची कथा सांगते आणि मध्यस्थ येईपर्यंत धीर धरण्याचा उपदेश करते. अखेरीस प्रार्थनामंदिराच्या पायऱ्यांवर मालकाचाच पुत्र मालक आणि मुकादम यांचे हात जुळवितो. डोके आणि हात यांना हृदयाने जोडले, हे या शेवटाचे तात्पर्य. परंतु आज्ञा कोणी द्यावयाची आणि राबावयाचे कोणी, ही व्यवस्था पालटल्याचे चित्रपट दाखवीत नाही.

समाजाला एका देहाचे अवयव मानून श्रमाची वाटणी करणारे रूपक आपणांस अपरिचित नाही. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रबंधात स्पष्ट केले. मध्यस्थाच्या हृदयपरिवर्तनाने ही विभागणी नाहीशी होत नाही.

'मेट्रोपोलिस' प्रदर्शित झाल्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाने चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून ठराव केला होता. ते ठराव कागदावर होते. ते तळ्याच्या काठापर्यंत नेले ते तेथे जमलेल्या माणसांनी. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि एकाच वर्षी पडद्यावरील दलित श्रमिक मध्यस्थाची वाट पाहत होता आणि महाडचा माणूस स्वतःच्या ओंजळीने पाणी घेत होता, हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

१९७७ : खालापूरची 'धर्मशाळा'

महाडच्या सत्याग्रहाला पन्नास वर्षे झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७७ साली, स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' हा अमेरिकन विज्ञानपट प्रदर्शित झाला. त्यातील भारतीय प्रसंग उत्तर भारतातील धर्मशाळेत घडतो. १९६० पासून दलाई लामा आणि तिबेटी निर्वासित यांचे निवासस्थान म्हणून ते गाव जगाला ठाऊक होते. चित्रीकरण मात्र झाले ते खालापूरजवळच्या हाळ या गावी, म्हणजे महाड ज्या जिल्ह्यात आहे त्याच कुलाबा जिल्ह्यात. १९८१ साली या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. या प्रसंगाचे छायाचित्रण डग्लस स्लोकोम्ब यांनी केले होते.

प्रसंग लहान पण बोलका आहे. शेकडो लोकांचा जमाव भक्तिभावाने पाच स्वरांची एकच ओळ पुनःपुन्हा आळवीत असतो. परदेशी शास्त्रज्ञ ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन येतात. हे स्वर कोठून आले, असे विचारताच शेकडो हात एकदम आकाशाकडे रोखले जातात. पुढे त्याच स्वरांचे शास्त्रज्ञ विश्लेषण करतात आणि अमेरिकेत परग्रहवासीयांच्या यानाशी संवाद साधतात. येथे श्रमाची वाटणी पुन्हा दिसते: भारतीयांकडे श्रद्धा आणि पाश्चात्त्यांकडे विचार. स्वर ऐकणारा जमाव त्याचा अर्थ शोधीत नाही. तो केवळ वर बोट दाखवितो.

खालापूर बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढून गेले की कार्ले येथील चैत्यगृह लागते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेथील दानलेखांत व्यापारी, यवन, सुतार, सुगंधी द्रव्यांचा विक्रेता अशा दात्यांची नावे व व्यवसाय कोरलेले आहेत. ज्यांनी आपल्या श्रमाच्या कमाईतून दगडाला रूप दिले, त्यांचे नाव तेथे वाचता येते. त्याच परिसरातील माणसांना विसाव्या शतकातील पडद्यावर मात्र नाव नाही. त्यांच्या वाट्याला आले ते फक्त वर उचललेले हात.

आकाशप्रवासाविषयी बुद्धवचन

बौद्ध साहित्याला आकाशाची कल्पना वर्ज्य नाही. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात एका भिक्खूची कथा येते. चार महाभूतांचा निरोध कोठे होतो, हा प्रश्न घेऊन तो एकामागून एक देवलोक पालथे घालतो. शेवटी महाब्रह्माही त्याला बाजूला नेऊन आपणांस उत्तर ठाऊक नसल्याची कबुली देतो आणि बुद्धाकडेच परत जाण्यास सांगतो. याच सुत्तात केवट्ट हा गृहस्थ नालंदेच्या लोकांची श्रद्धा वाढावी म्हणून भिक्खूंनी चमत्कार दाखवावेत अशी विनंती करतो. तथागत ती नाकारतात आणि उपदेशाचे सामर्थ्य हेच श्रेष्ठ मानतात.

रोहितस्साची कथा याहून अधिक सूचक आहे. आकाशमार्गे संचार करणारा हा ऋषी विश्वाचा अंत गाठण्यासाठी शंभर वर्षे धावला आणि वाटेतच मरण पावला. विश्वाचे दुःख, त्याचा उगम, त्याचा निरोध आणि त्याचा मार्ग हे सर्व याच वावभर देहात, जाणिवेसह व मनासह आहे, असे भगवंतांनी त्याला सांगितले. अवकाशात जाऊ नये असा याचा अर्थ नव्हे. आपल्या दुःखाचे उत्तर तेथून कोणी पाठवील, ही आशा तेवढी व्यर्थ होय.

जन्म, जादू आणि अवतार

पाश्चात्त्य विज्ञानपटांवर बौद्ध विचाराची छाया पडलेली नाही असे नाही. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटाचे दिग्दर्शक अर्विन कर्शनर यांना झेन संप्रदायाविषयी आस्था होती. त्यातील योडा हा वृद्ध गुरू शिष्याला भय आणि क्रोध ओळखण्यास शिकवितो, तेव्हा झेन आचार्याची आठवण होते. परंतु याच मालिकेतील १९९९ च्या चित्रपटात दिव्यशक्तीचे मोजमाप रक्तातील सूक्ष्म घटकांवरून होते आणि बालनायक पित्याविना जन्मल्याचे सांगितले जाते. साधनेने मिळणारी गोष्ट अशा रीतीने जन्माच्या स्वाधीन झाली. मनुष्य जन्माने नव्हे तर कर्माने नीच वा श्रेष्ठ ठरतो, हे वसल सुत्ताचे प्रतिपादन मानणाऱ्या समाजाने हा बदल दुर्लक्षून चालणार नाही.

हिंदी चित्रपटात हीच कल्पना अधिक उघडपणे आली. २००३ च्या 'कोई... मिल गया' मध्ये शास्त्रज्ञ संगणकाद्वारे ॐकाराचा ध्वनी अवकाशात पाठवितो. पुढे आलेला परग्रहवासी त्याच्या मतिमंद पुत्राला बुद्धी आणि बळ देतो. त्या परग्रहवासीयाचे नावच 'जादू' आहे. मुलांना हा चित्रपट आवडला, यात वावगे काही नाही. परंतु आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा शब्द इतका निरुपद्रवी नाही. सातपुड्यातील काही गावांत आजाराचे वा मृत्यूचे कारण म्हणून एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना घडल्या आहेत. हा कोणा एका समाजाचा स्वभावदोष नव्हे. जेथे दवाखाना दूर आणि भगत जवळ असतो, तेथे कारणाची जागा जादू घेते. अशा प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली, आणि तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर.

२०२४ च्या 'कल्कि २८९८ एडी' मध्ये भविष्यातील काशीनगरी आणि दहाव्या अवताराची प्रतीक्षा आहे. दशावताराच्या प्रचलित यादीत कल्कीच्या आधीचे नववे स्थान बुद्धाला दिले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत ईश्वराचा अवतार आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार, या दोन्ही गोष्टी निःसंदिग्धपणे नाकारल्या आहेत. त्यामुळे हा चित्रपट पाहणाऱ्या बौद्ध प्रेक्षकाने त्या कथेची मांडणी कोठून सुरू होते, हे ओळखले पाहिजे.

याला एक अपवाद उल्लेखनीय आहे. नागपूरच्या आरती कडव यांचा 'कार्गो' (२०१९) हा हिंदी विज्ञानपट पुष्पक नावाच्या यानात घडतो. येथे राक्षस हे कर्मचारी आहेत. मृत माणसे यानात येतात, त्यांच्या वस्तू जमा होतात, जखमा बऱ्या केल्या जातात, स्मृती पुसल्या जातात आणि त्यांना पुढील जन्मासाठी रवाना केले जाते. पुराणातील खलपात्रे येथे कष्टाळू, एकाकी आणि करुणावान आहेत. तारणहार कोणी नाही. स्मृती पुसल्यावर पुन्हा जन्मणारा तो कोण, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उरतो. मिलिंद राजानेही नागसेनाला हेच विचारले होते. आत्मा नाकारूनही पुनर्भवाचा विचार कसा करावा, याचा ऊहापोह बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केला आहे.

कल्पनेचा निषेध करणे हा या लेखाचा हेतू नाही. जातककथाही कल्पनेनेच समृद्ध आहेत. प्रश्न इतकाच की, कथेतील दुःख कोण दूर करतो: दुःख भोगणारी माणसे की वरून आलेला कोणी? तथागतांनी स्वतःला मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले. विहारांतून रविवारी भरणाऱ्या बालसंस्कार वर्गांत मुलांनी पाहिलेल्या एखाद्या विज्ञानपटावर हा प्रश्न विचारून पाहावा. मुले उत्तर देतील, वाद घालतील आणि पुढचा चित्रपट अधिक सावधपणे पाहतील. विज्ञानाची गोडी आणि धम्माची दृष्टी एकाच वेळी जोपासण्याचा हा सोपा मार्ग आपल्या उपासक-उपासिकांनी अवश्य अवलंबावा.